जुना कार्बोरेटर उघडला, आता ट्रेमधले हे पार्ट कुठले?

प्रश्न थोडक्यात असा: दोन बॅरलचा, वरून हवा घेणारा जुना कार्बोरेटर साफसफाईसाठी उघडला. झाकण काढून बॉडी उलटी केल्यावर ट्रेमध्ये बरंच काही पडलं. दोन वेगळ्या मापांचे छर्रे, एक लहान पितळी ठोकळा, बाजूला भोकं असलेली पितळी नळी, स्प्रिंगवर बसणारा बारीक पिस्टन, दोन डायफ्रॅम, आणि पत्र्याच्या पट्टीला लटकलेली एक चिमुकली झडप. किटसोबत आलेल्या चित्रात यातले निम्मे पार्ट नाहीत, आणि बॉडीत दोन-तीन भोकं रिकामी दिसतात. कुठलं काय, आणि काही हरवलंय का?

किटचं चित्र आधी बाजूला ठेवा. एकच किट अनेक मॉडेलांना चालावं म्हणून तो कागद छापलेला असतो, त्यामुळे त्यात तुमच्याकडे नसलेले पार्ट दिसतात आणि असलेले गायब असतात. किटमधले उरलेले वॉशर आणि गॅस्केट पाहून घाबरायचं कारण नाही, ते दुसऱ्या मॉडेलचे असतात. त्याऐवजी कार्बोरेटरचा स्वतःचा नंबर शोधा. होली कंपनीच्या कार्बोरेटरमध्ये तो चोकच्या (थंडपणी हवा अडवणाऱ्या वरच्या पाकळीच्या) उभ्या भिंतीवर ठोकलेला लिस्ट नंबर असतो, वेबरमध्ये खालच्या फ्लँजजवळ मॉडेलचं नाव कोरलेलं असतं, सोलेक्समध्ये फ्लोट चेंबरच्या (पेट्रोल साठवणाऱ्या, आत तरंगता फ्लोट असलेल्या कप्प्याच्या) बाहेर ओतीव अक्षरांत असतं, तर एसयूमध्ये डोक्यावरच्या एका स्क्रूखाली ॲल्युमिनियमची छोटी पट्टी असते. ही पट्टी बहुतेक वेळा आधीच्या कुणीतरी फेकून दिलेली असते. तशी ती गेली असेल तर पुढची पद्धत वापरावीच लागते, आणि नंबर मिळाला तरी ती वापरलेली बरी, कारण इतक्या वर्षांत कुणी कुठला पार्ट बदलला असेल ते नंबर सांगत नाही.

पद्धत अशी. पार्ट हातात घेऊन त्याचं नाव आठवत बसू नका, तो ज्या भोकात बसतो त्या भोकाचा माग काढा. भोकाचं टोक कुठे उघडतं याला मोजून चार उत्तरं आहेत: फ्लोट चेंबरमध्ये पेट्रोलच्या पातळीखाली, चोकच्या वर मोकळ्या हवेत, व्हेंच्युरीच्या (हवेच्या वाटेतल्या आवळलेल्या घशाच्या) अरुंद भागात, किंवा थ्रॉटलच्या (रेस दिल्यावर उघडणाऱ्या चकतीच्या) खाली, इंजिनकडे नेणाऱ्या मॅनिफोल्डच्या व्हॅक्यूममध्ये. दोन्ही टोकं कळली की मधल्या पार्टचं काम कळतं, आणि काम कळलं की नाव आपोआप येतं. क्लीनरच्या स्प्रेची बारीक नळी एका टोकाला घट्ट धरून दाबा आणि धार कुठून बाहेर येते ते पाहा. डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण धार बऱ्याचदा सरळ तोंडाकडे येते. रबर, डायफ्रॅम, फ्लोट आधी काढून ठेवा. भोकात स्टीलची तार किंवा ड्रिल घालू नका. ब्रशचा नायलॉनचा केस किंवा तांब्याची मऊ तार पुरते.

दुसरा पुरावा पार्टच्या अंगावरच असतो. जो भाग वर्षानुवर्षं पेट्रोलमध्ये बुडालेला असतो त्यावर पिवळट-तपकिरी लाखेसारखा थर चढतो. मॅनिफोल्डच्या बाजूच्या पार्टवर कोरडी काजळी असते. फक्त हवेतला पार्ट करडा आणि धुळकट दिसतो. म्हणून ओळख पटेपर्यंत पार्ट क्लीनरमध्ये बुडवू नका, नाहीतर हा पुरावा धुऊन जातो. छर्रा ज्या जागी बसत होता तिथे एक चकचकीत गोल कडं उमटलेलं असतं. टॉर्च तिरका धरला की ते दिसतं, आणि त्या कड्याच्या व्यासावरून कुठला छर्रा कुठे हे बरंचसं ठरतं.

आता छर्रे आणि ठोकळा. हे तिन्ही ॲक्सिलेटर पंपाचे, म्हणजे रेस दिल्यावर क्षणभर जादा पेट्रोल फवारणाऱ्या पंपाचे. पंपाला दोन झडपा लागतात. एक फ्लोट चेंबरमधून पेट्रोल आत घेताना उघडते आणि पंप दाबल्यावर बंद होते, दुसरी नेमकी उलट, दाबल्यावर उघडून नोझलकडे पेट्रोल सोडते. पंपाच्या विहिरीच्या तळातला छर्रा आत घेण्याचा, नोझलखालच्या उभ्या भोकातला बाहेर सोडण्याचा. पितळी ठोकळा त्या दुसऱ्या छर्ऱ्यावर बसतो. काही कार्बोरेटरांत ठोकळ्याऐवजी स्प्रिंग आणि तिला धरणारा टी आकाराचा तुकडा असतो. ठोकळा बिनकामाचा समजून वगळण्याची चूक फार होते. त्याचं काम असं की जोरात गाडी पळताना नोझलच्या तोंडाशी हवेची ओढ तयार होते, ती छर्रा उचलून पंपाच्या वाटेने फुकट पेट्रोल ओढू नये म्हणून वजन. तो नसेल तर आयडलिंग अगदी छान असतं, फक्त वेगात मिक्श्चर जड होतं (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त) आणि ॲव्हरेज पडतं, मग माणूस मेन जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारं मुख्य भोक, बदलत बसतो.

छर्ऱ्यांना चुंबक लावून पाहा. रॉचेस्टरच्या काही दोन बॅरल मॉडेलांत आत घेणारा छर्रा ॲल्युमिनियमचा आणि लहान असतो, सोडणारा स्टीलचा आणि मोठा. हलका छर्रा पटकन उचलला जावा हा हेतू. अदलाबदल झाली तर मोठा छर्रा लहान जागेवर वर तरंगत बसतो आणि लहान छर्रा मोठ्या भोकात अडकतो. दोन्हींचा परिणाम एकच: पंप पोकळ लागतो आणि रेस दिल्यावर इंजिन क्षणभर गुदमरतं. छर्ऱ्याचा व्यास व्हर्नियरने मोजा, गंजाचा एक ठिपका जरी दिसला तरी नवा घ्या. जागा खराब झाली असेल तर स्टीलचा छर्रा जागेवर ठेवून पितळी दांड्याने एक हलका ठोका द्या, कडं पुन्हा गोल होतं. ज्या छर्ऱ्यावर ठोका दिला तो टाकून नवा बसवायचा. ॲल्युमिनियमच्या छर्ऱ्यावर हा प्रयोग नको.

बसवल्यावर चाचणी सोपी आहे. फ्लोट चेंबरमध्ये अर्धा इंच पेट्रोल घ्या, पंप हलकेच वर-खाली करून हवा काढा, मग सोडणारा छर्रा पितळी दांड्याने दाबून धरा आणि पंप दाबा. हाताला घट्ट अडकल्यासारखं लागलं पाहिजे. पेट्रोल विहिरीच्या तळातून परत चेंबरमध्ये गेलं तर आत घेणारा छर्रा गळतोय. दाबून धरलेल्या छर्ऱ्याच्या कडेने पाझरलं तर दुसरा. हे काम उघड्यावर, ठिणगीपासून लांब.

वेबरच्या आडव्या डीसीओईमध्ये हीच झडप फ्लोट चेंबरच्या तळाशी स्क्रूसारख्या पितळी पार्टच्या रूपात असते, आत छर्रा आणि बाजूला एक बारीक भोक. तिच्यावर आकडा असल्यामुळे लोक तिला जादा मेन जेट समजतात. ते बाजूचं भोक मुद्दाम ठेवलेलं असतं, पंपाच्या फटकाऱ्यातलं थोडं पेट्रोल तिथून चेंबरमध्ये परत जातं. भोक जितकं मोठं तितका फटकारा कमी. भोक बंद असलेल्या झडपेवर शून्य असतं. ते भोक झाळून टाकलंत तर रेस देताना काळा धूर येणारच.

भोकं असलेली पितळी नळी म्हणजे इमल्शन ट्यूब. ती मेन जेटच्या वरच्या विहिरीत उभी राहते, वर एअर जेट, खाली मेन जेट. इंजिन पळू लागलं की विहिरीतली पातळी खाली जाते, नळीची भोकं एकामागून एक उघडी पडतात आणि त्यातून हवा पेट्रोलमध्ये मिसळते. नाहीतर वेग वाढेल तसं मिक्श्चर जड होत गेलं असतं. दोन बॅरल असतील तर नळ्या दोन, आणि पहिल्या-दुसऱ्या बॅरलच्या नळ्या वेगळ्या असू शकतात. वेबरमध्ये एफ अक्षर आणि आकडा कोरलेला असतो, उदाहरणार्थ एफ ५०. हा आकडा निव्वळ ओळखीचा आहे, मोठा आकडा म्हणजे मोठी भोकं असं काही नाही. तुम्हाला एकच नळी पडलेली दिसते आहे, म्हणजे दुसरी विहिरीतच चिकटलेली असणार. एअर जेट काढून, योग्य जाडीचा लाकडी काटा आत दाबून हलकेच फिरवत ओढा. पक्कडीने तोंड चेपलंत तर वरचं एअर जेट पुन्हा नीट बसणार नाही.

जेटवरचे आकडे वाचतानाही कंपनी बघा. वेबर आणि सोलेक्सचा १२५ म्हणजे १.२५ मिलिमीटर. रॉचेस्टरचा आकडा इंचाच्या हजाराव्या भागात असतो. होलीचा आकडा सरळ व्यास नाही. अमालचा आकडा प्रवाह सांगतो, भोक नाही. म्हणजे एका कंपनीचं जेट दुसऱ्यात आटे जुळले म्हणून बसवायचं नाही.

स्प्रिंगवरचा बारीक पिस्टन हा ट्रेमधला सगळ्यात घोटाळ्याचा पार्ट, कारण तो दोन उलट्या प्रकारांत येतो. काम दोन्हीकडे एकच, जोर लागेल तेव्हा जादा पेट्रोल देणं. गरम इंजिनाला आयडलिंगवर मॅनिफोल्डमध्ये साधारण १५ ते २० इंच पारा इतका व्हॅक्यूम असतो, पूर्ण रेस दिल्यावर तो जवळजवळ शून्यावर येतो. या फरकावर पिस्टन चालतो. कार्टरच्या चार बॅरलमध्ये पिस्टन बॉडीत बसतो, व्हॅक्यूम त्याला स्प्रिंगविरुद्ध खाली ओढून धरतो आणि त्याला अडकवलेल्या टप्प्याटप्प्याच्या काड्या मेन जेटमध्ये घुसलेल्या राहतात. व्हॅक्यूम गेला की स्प्रिंग पिस्टन वर ढकलते आणि काडीचा बारीक भाग जेटमध्ये येतो. रॉचेस्टरच्या साध्या दोन बॅरलमध्ये पिस्टन झाकणात लटकतो, व्हॅक्यूम त्याला वर धरतो, आणि व्हॅक्यूम गेला की तो खाली येऊन चेंबरच्या तळातल्या पॉवर व्हॉल्व्हची पिन दाबतो. तुमचा कुठला ते ठरवायला पिस्टनची दांडी पाहा. टोकाला काडी अडकवायचा आकडा किंवा पत्रा असेल तर पहिला प्रकार, टोक सपाट आणि एकटं असेल तर दुसरा.

पिस्टन त्याच्या भोकात स्वतःच्या वजनाने सरकला पाहिजे. आतली काजळी कापडाने पुसा, पॉलिश पेपर लावू नका. भोक मोठं झालं की व्हॅक्यूम गळतो आणि पिस्टन नेहमीच अर्धवट उघडा राहतो. स्प्रिंग ताणून 'जोर वाढवणं' हा उद्योगही टाळा. ताणलेल्या स्प्रिंगला व्हॅक्यूम पुरा दाबू शकत नाही, आणि गाडी सगळीकडेच जड चालते.

दोन डायफ्रॅमपैकी कुठला कशाचा हे त्यांच्या झाकणावरून ठरवा. ज्या झाकणावर बाहेरून हलणारी लिव्हर आहे तो पंपाचा. ज्या झाकणाला लिव्हर नाही, आणि ज्याच्या फ्लँजवर गॅस्केटमधून जाणारं एक बारीक भोक आहे, तो पॉवर व्हॉल्व्हचा. ते भोक थ्रॉटलखाली जातं. हे भोक डायफ्रॅमच्या कागदातल्या भोकाशी जुळवूनच बसवायचं. डायफ्रॅम उलटा फिरवून स्क्रूची भोकं जुळतात, पण व्हॅक्यूमचं भोक झाकलं जातं, आणि मग पॉवर व्हॉल्व्ह कायम उघडा. उलट हा डायफ्रॅम फाटला तर मॅनिफोल्ड सरळ पेट्रोल ओढतो. त्याची खूण अशी की आयडलिंग जड, प्लग काळे, आणि मिक्श्चर स्क्रू पूर्ण बंद केला तरी इंजिन चालूच राहतं. होलीमध्ये हा व्हॉल्व्ह एका गोल डबीच्या रूपात येतो. तिच्यावर ६५ असेल तर ती ६.५ इंच पाऱ्याला उघडते.

पंपाच्या डायफ्रॅमसोबत स्प्रिंगा सहसा दोन. डायफ्रॅमच्या आतली स्प्रिंग त्याला परत ढकलते, ती मऊ असते. बाहेर लिव्हरच्या दांडीवरची कडक असते, ती फटकारा लांबवते. बोटाने दाबून फरक कळतो. अदलाबदल झाली तर पंप पूर्ण चालतच नाही, बाहेरची स्प्रिंगच दबत राहते.

आता पत्र्याच्या पट्टीवरची झडप. ही पट्टी दोन धातूंची असते आणि तापली की वाकते. तिचं भोक एकीकडे हवेत आणि दुसरीकडे थ्रॉटलखाली उघडत असेल तर ती गरम आयडलिंगची झडप. इंजिन फार तापलेलं असताना चेंबरमधलं पेट्रोल उकळून त्याची वाफ आत जाते, मिक्श्चर जड होतं आणि आयडलिंगला इंजिन बंद पडतं. त्या वेळी ही झडप थोडी जादा हवा सोडते. थंडपणी ती पूर्ण बंद हवी. भोकावर तोंडाने ओढून पाहा, हवा येता कामा नये. मग पट्टी गरम पाण्यात धरा, झडप सावकाश उचलली गेली की ती ठीक आहे. पट्टी कधीही हाताने वाकवून 'सेट' करू नका. वाकडी पट्टी थंडपणी उघडी राहते, आयडलिंग वर-खाली नाचतं आणि सगळे जण गॅस्केट गळतंय म्हणून शोधत राहतात. झेनिथ-स्ट्रॉमबर्गच्या सीडी मालिकेत असाच पार्ट बाजूच्या प्लॅस्टिक झाकणाखाली असतो, निमुळत्या बुचासह. ते बूच बोटाने सहज मागेपुढे झालं पाहिजे, अडकत असेल तर पट्टी दुरुस्त करत बसू नका, बूच साफ करा.

हीच पट्टी एसयू एचआयएफमध्ये निघाली तर अर्थ पूर्ण वेगळा. तिथे फ्लोट चेंबरच्या आत जेटच या पट्टीवर लटकलेलं असतं, पेट्रोल तापून पातळ झालं की जेट जरा वर सरकावं म्हणून. वाकलेला तुकडा समजून ती सरळ करणारे आहेत. तिच्या स्क्रूखाली स्प्रिंग असते, तिने पट्टी मिक्श्चर स्क्रूवर दाबून धरलेली हवी. सुरुवातीला जेट पुलाच्या (पिस्टनखालच्या उंचवट्याच्या) पृष्ठभागाशी सपाट आणायचं आणि मग मिक्श्चर स्क्रू घड्याळाच्या दिशेने २ फेरे. एसयूच्याच जुन्या एचएसमध्ये काही जेटांच्या बुडाला मेणाची जाड कॅप्सूल असते, तिचं कामही तेच.

एसयूमध्ये आणखी एक गोष्ट भल्याभल्यांना फसवते. काही सुया पिस्टनमध्ये एका बाजूला कललेल्या आणि वर बारीक स्प्रिंग असलेल्या असतात. सुई वाकलेली नाही, तिने जेटच्या एका बाजूला टेकून चालावं म्हणून ती तशीच बनवली आहे. अशा सुईला जेट मध्यावर आणायची गरज नसते. ताठ सुईला ती असते. कललेल्या सुईच्या बाहीवरची खूण पिस्टनच्या तळातल्या दोन भोकांच्या मधोमध आणायची.

थ्रॉटलची चकती धरून प्रकाशाकडे पाहिलीत का? तिच्यात स्प्रिंगवरची आणखी एक लहान चकती असेल तर ती गाडी उतारावर रेस सोडून चालताना उघडणारी झडप आहे. तेव्हाचा जबर व्हॅक्यूम तिला ओढतो, थोडं मिक्श्चर आत जातं आणि न जळलेलं पेट्रोल धुरात जात नाही. स्प्रिंग मेली की ती आयडलिंगलाही उघडते, आणि स्क्रू पूर्ण सोडला तरी रेस खाली येत नाही. त्या जागी साधी चकती बसवता येते. पण चकतीचे स्क्रू चिरलेल्या टोकांचे असतात आणि ती टोकं फाकवून ठेवलेली असतात. जुने स्क्रू परत वापरू नका. एक जरी सुटला तर तो सरळ सिलेंडरमध्ये जातो.

मोटरसायकलच्या व्हॅक्यूम कार्बोरेटरमध्ये बाजूला दोन स्क्रूच्या झाकणाखाली नाण्याएवढा डायफ्रॅम निघतो, तो पंपाचा नव्हे. रेस सोडल्यावर तो पायलट जेटची (आयडलिंगच्या जेटची) हवा बंद करतो. फाटला की सायलेन्सरमधून फटफट आवाज येतो. त्याच्या झाकणाखाली भाताच्या शितासारखी बारीक ओ-रिंग असते, तीच जास्त वेळा हरवते.

रिकाम्या भोकांबद्दल. एकच ओतीव बॉडी अनेक मॉडेलांना वापरलेली असते, म्हणून प्रत्येक भोकात पार्ट असतोच असं नाही. स्प्रे मारून पाहा. धार कुठेच निघत नसेल आणि आत आटे किंवा चकचकीत कडं नसेल, तर ते भोक मुळातच आंधळं आहे. आटे असतील आणि त्यात काहीच नसेल, तर मात्र पार्ट गेलाय असंच धरा. दाबून बसवलेली बारीक पितळी बुशिंग दिसली तर ती जागेवरच राहू द्या, ते मोजून ठेवलेलं अडथळ्याचं भोक असतं. भिंतीत बसवलेली शिशाची किंवा पितळी बुचंही पार्ट नव्हेत. कारखान्यात भोक पाडताना उघडं राहिलेलं तोंड त्यांनी बंद केलेलं असतं. पण ती गळू शकतात. रॉचेस्टर क्वाड्राजेटमध्ये विहिरीखालची बुचं गळून रात्रभरात पेट्रोल मॅनिफोल्डमध्ये उतरतं आणि सकाळी गाडी लवकर सुरू होत नाही. सुटी बॉडी पेट्रोलने भरून कोरड्या कागदावर तासभर ठेवा, ओला गोल उमटला तर बूच सील करा.

निडलच्या (फ्लोटने ढकलली की चेंबरमध्ये येणारं पेट्रोल बंद करणाऱ्या सुईच्या) सीटखालचा वॉशर मात्र मोजून परत घाला. सीट झाकणात खालून बसत असेल तर जाड वॉशरने ती खाली येते, फ्लोट लवकर बंद होतो आणि पातळी कमी पडते. किटमध्ये तीन जाडीचे वॉशर असतील तर जुन्याच्या जाडीचा उचला, मग फ्लोटची उंची तपासा.

सगळं जोडल्यावर हवेचा फिल्टर न लावता, इंजिन बंद ठेवून, थ्रॉटल एकदा पूर्ण उघडा आणि नोझलमध्ये पाहा. दोन्ही बॅरलच्या नोझलमधून सरळ, न फुटलेली धार आली पाहिजे आणि रेस सोडल्यावर लगेच थांबली पाहिजे. एकातून धार आणि दुसऱ्यातून थेंब येत असेल तर नोझल काढून फुंका. दोन्हीकडे काहीच येत नसेल आणि ट्रेमध्ये काही उरलेलं नसेल, तर आत घेणाऱ्या छर्ऱ्याच्या जागी काय गेलं आहे ते पुन्हा उघडून पाहा.